माप माझं घेतलं, सेट खोटा दिला

गेल्या वर्षी मी गोल्फचा फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेल्या, आयर्न क्लबचा सेट घेतला. पाच नंबरपासून गॅप वेजपर्यंत सात क्लब, ८८,००० रुपये. तो फोर्ज्ड नव्हता. ज्या जपानी कंपनीचं नाव त्यावर होतं, तिचाही नव्हता. आणि माझ्या मापाने बनवून देतो म्हणून पैसे घेतले, त्यातलं एकही माप त्यात उतरलं नव्हतं. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. हे सविस्तर लिहितेय, कारण मला घाईगडबडीत गंडवलं नाही. ना ओटीपी मागितला, ना लिंक पाठवली. दीड तास शांतपणे माझं माप घेतलं, आणि त्या मापावरच माझा विश्वास बसला.

मी गोल्फकडे उशिरा आले. ७ ऑगस्ट २०२१ ची ती सकाळ बऱ्याच जणांना आठवत असेल. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती आणि शेवटी चौथी आली. ज्यांनी आयुष्यात गोल्फ बघितला नव्हता, तेही पहाटेपासून टीव्हीसमोर होते. मीही त्यातलीच. संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि सगळ्यांचं बोलणं तिकडे वळलं. माझ्या डोक्यातून मात्र ती मुलगी गेली नाही. त्या दिवाळीनंतर, त्रेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात सरावाच्या रेंजवर चेंडूंची पहिली बकेट मारली. बँकेतल्या एका सहकाऱ्याने त्यांचा जुना कास्ट, म्हणजे ओतीव, सेट पाच हजारांत दिला. त्यावर मी तीन वर्षं खेळले, हँडिकॅप (हा आकडा जितका कमी तितका खेळ चांगला) २४ पर्यंत आणला.

मग एकदा येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर एका मैत्रिणीचा फोर्ज्ड सात नंबर मारून बघितला. ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. चेंडू मधोमध लागला की हाताला काही लागल्यासारखंच वाटत नाही. कास्ट आयर्नमध्ये वितळलेला धातू साच्यात ओततात. फोर्ज्डमध्ये तापवलेली पोलादाची कांडी साच्यात दाबून, ठोकून घडवतात, आपल्या लोहाराच्याच जातकुळीचं काम. पोलाद कमी कार्बनचं असतं; एस२५सी म्हणतात त्यात कार्बन जेमतेम पाव टक्का. म्हणून ते मऊ, आणि म्हणूनच क्लबची मान, म्हणजे होझल, नंतरही अंश-दोन अंश वाकवून खेळणाऱ्याच्या मापाला आणता येते. मिझुनो या जपानी कंपनीची फोर्ज्ड हेड, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी टोकं, हिरोशिमातल्या कारखान्यात घडतात, मिउरावाले हिमेजीचे. जपान्यांचा या कामात हात धरणारे थोडेच. पण कास्ट म्हणजे हलका माल, असंही कुणी समजू नये. पिंग कंपनीच्या कास्ट आयर्नवर लोकांनी मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्यात. मला तेव्हा हे कुणी नीट सांगितलं असतं, तर कदाचित मी इतकी हट्टाला पेटले नसते.

दुकानांत गेले तर एकच अनुभव. बाई आली म्हटलं की हलक्या ग्रॅफाइटचा लेडीज सेट पुढे करायचा. फोर्ज्ड विचारला की, ‘मॅडम, ते तुम्हाला नाही जमणार.’ अधिकृत विक्रेत्याकडे मापासकट १,४०,००० चा आकडा निघाला. तेवढी माझी तयारी नव्हती.

अशात एका ओळखीच्याने ‘हा फिटर बघ’ म्हणून नंबर दिला. मोठ्या गाळ्यात स्टुडिओ, जाळी, पडदा, चेंडूचा वेग-दिशा मोजणारा लाँच मॉनिटर, भिंतीवर शाफ्टची, म्हणजे क्लबच्या दांड्यांची, रांग. त्या माणसाने मला पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘मॅडम, तुमचा चुकलेला शॉट कुठे जातो?’ तीन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, डावीकडे. त्याने उंची मोजली, पाच फूट तीन. सरळ उभं करून मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर घेतलं. मग सात नंबरच्या तळाला टेप चिकटवली आणि प्लास्टिकच्या फळीवरून चेंडू मारायला लावले. चार शॉटनंतर क्लब उलटा करून दाखवला: टेपवरचा ओरखडा मधे नाही, टाचेकडे. ‘बघा, मारताना पुढचं टोक वर राहतंय. क्लब तुमच्यासाठी फार अपराइट आहे, दांडी फार उभी. त्यामुळे फेस, चेंडूला लागणारी बाजू, डावीकडे बघतो. चूक तुमच्या स्विंगची कमी, क्लबची जास्त.’

हे सगळं खरं होतं. आजही मी म्हणेन, त्याला काम येत होतं. छापील कागद दिला: लाय (दांडी आणि जमीन यांतला कोन) दोन अंश फ्लॅट, म्हणजे कमी, लांबी अर्धा इंच कमी, हलका स्टील शाफ्ट, बारीक ग्रिप (मूठ). ज्या सात नंबरवर ही चाचणी झाली, तो त्याचा डेमो क्लबही खराच असणार. हाताला तोच लोण्यासारखा स्पर्श होता.

मग किंमत. ८८,००० कशी, तर म्हणे हा माल जपानच्या देशी बाजारासाठीचा, ओळखीतून येतो, मधले दलाल नाहीत. जपानी बाजारासाठी वेगळी मॉडेल खरोखर निघतात, म्हणून हे खोटं पचतं. खरं म्हणजे पुढे येणाऱ्या प्रत्येक शंकेचं उत्तर त्याने तिथेच आधी देऊन ठेवलं होतं. सीरियल नंबर इथल्या कंपनीच्या यादीत का सापडत नाही? जपानी माल. अक्षरं जरा वेगळी का? जपानी माल. वॉरंटी कार्ड का नाही? तेच. मी ६०,००० त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर पाठवले. जीएसटीचं बिल मागितलं तर ‘सेट आल्यावर एकदमच करू.’ बँकेत अठरा वर्षं काढलेल्या बाईने हे मान्य करायला नको होतं. केलं.

पाच आठवड्यांनी सेट आला. प्रत्येक हेड प्लास्टिकमध्ये, शाफ्टवर पट्टे, चकचकीत. उघडताना नंबरातल्या रंगाचा, थिनरचा वास आला. उरलेले २८,००० तिथल्या तिथे दिले.

पहिल्याच राउंडला माझ्या कॅडीने, म्हणजे क्लबची बॅग वाहणाऱ्याने, दोन होल झाल्यावर सांगितलं, ‘मॅडम, याचा आवाज बसका आहे.’ बारा-पंधरा वर्षं रोज शेकडो शॉट ऐकणारा माणूस. मी त्याला म्हटलं, फोर्ज्ड मऊच वाजतो. मऊ आणि मठ्ठ यातला फरक त्याच्या कानाला कळत होता, मला कळून घ्यायचा नव्हता.

चेंडू डावीकडेच जात राहिले. सात नंबर आणि आठ नंबर जवळजवळ एकाच जागी पडायचे, आणि नऊ नंबर एकदम आखूड. फिटरला फोन केला, तर ‘हात बसायला दोन-तीन महिने लागतात.’ मापाचा कागद माझ्याजवळ होता. क्लब मापाचे आहेत, म्हणजे चूक माझीच, असं मी धरून चालले. कोचकडे पाच लेसन लावले. त्यांनी माझे चेंडू डावीकडे जाताना बघून ग्रिप, म्हणजे क्लब धरायची पकड, बदलायला लावली, खांदे बदलायला लावले. आधी जो स्विंग होता तोही बिघडला, डाव्या मनगटात कळ यायला लागली. पैशांपेक्षा हे चार महिने मला जास्त लागलेत. चुकीच्या क्लबला बरोबर मानून मी माझं शरीर वाकवत होते.

उलगडा मुंबईत झाला. भावाकडे गेले होते, तिथे कुणीतरी एका जुन्या क्लब-कारागिराचं नाव सांगितलं. सत्तरी गाठलेले काका, घराच्या मागच्या खोलीत व्हाइस, लाय आणि लॉफ्ट (फेसचा मागे कलण्याचा कोन) मोजायचं मशीन, ग्रॅमचा काटा. मनगट दुखतं म्हणून ग्रिप बघायला म्हणून सेट दाखवला. त्यांनी क्लब हातात घेतला, टिचकी मारली आणि काही न बोलता कपाटाच्या दारावरचं लोहचुंबक काढलं. शाफ्टला चटकन चिकटलं. हेडला लावलं, तर घरंगळून खाली पडलं.

‘ताई, हे पोलाद नाही.’

मग एकेक क्लब मशीनवर चढवला. सात नंबरचा लाय साडेबासष्ट अंश. माझ्या कागदावर साठ. लॉफ्ट सात नंबरचा ३३, आठचा ३५, नऊचा ४१. दोन क्लबांत साधारण चार अंशांचं अंतर हवं, इथे एकदा दोन आणि एकदा सहा. मग काय, सात आणि आठ एकाच जागी पडणारच! नंबर वाढला की क्लब आखूड होतो आणि हेड जड होत जातं. माझा आठ नंबर मात्र सातपेक्षा तीन ग्रॅमने हलका भरला. लांबी तर सरळ बाजारातली, पुरुषांची, ३७ इंच. अर्धा इंच कमी करायचेही कष्ट घेतले नव्हते. हे शेवटचं माप मी घरी शिवणाच्या टेपने घेऊ शकले असते. क्लब जमिनीवर टेकवायचा आणि शाफ्टच्या मागून ग्रिपच्या टोकापर्यंत टेप धरायची, एवढंच.

काकांनी विचारलं, ‘वाकवून बघू? फोर्ज्ड असेल तर वाकेल. नसेल तर तुटूही शकेल. तुमची परवानगी हवी.’ मी हो म्हटलं. त्यांनी सात नंबर पक्का आवळला, पितळी दांडा मानेला लावला आणि हळूहळू जोर दिला. कट् असा लहानसा आवाज झाला आणि मान तुटली.

ते तुटलेलं तोंड मी खिडकीच्या उजेडात बघितलं. गुळाची ढेप फोडल्यावर दिसतो तसा रवाळ, करडा धातू, मधे सुईच्या टोकाएवढी दोन भोकं. वर क्रोमचा थर अंड्याच्या टरफलासारखा सुटलेला. ‘जस्ताचा ओतीव माल,’ काका म्हणाले. ‘पोलाद असं तुटत नाही.’ चुंबकाबद्दल त्यांनी सांगितलेली एक गोष्ट इथे मुद्दाम लिहिते. फोर्ज्ड पोलाद म्हणून दिलेल्या हेडला चिकटलं नाही तर माल खोटा, पण चिकटलं म्हणजे खरा असं नाही. पोलादाचे ओतीव नकली सेटही भरपूर फिरतात. ते या परीक्षेत आरामात पास होतात.

इथे माझी एक चूक झाली, ती तुमची होऊ नये. तोडण्याआधी मोजणीचा व्हिडिओ काढला नाही. फिटरला फोटो पाठवल्यावर त्याचं पहिलं उत्तर होतं, जपानी माल आहे, तुमच्या माणसाला कळत नाही. दुसरं, तुम्हीच तोडलात, आता माझी जबाबदारी नाही. तिसरं उत्तर आलंच नाही. नंबर बंद, गाळ्याला दुसऱ्याची पाटी. नशिबाने काकांनी बाकीच्या सहा क्लबांची मापं कागदावर लिहून सही करून दिली आणि ते सहा अजून अखंड आहेत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. ऑनलाइन पैसे गेले म्हणून १९३० वरही फोन केला, पण तोवर सहा महिने उलटले होते; तिथे पैसे अडवायचे तर पहिल्या काही तासांतच कळवावं लागतं. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. बनावट ट्रेड मार्कचा माल विकणं हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैदेचा. त्याचा अर्ज पोलिसांकडे वेगळा दिलाय. वकिलांचा पहिला प्रश्न होता, बिल कुठे आहे? माझ्याकडे यूपीआयची नोंद आणि मापाचा तो सुंदर छापील कागद. त्या कागदावर कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही, काही नाही. फक्त माझी मापं आहेत.

कुणी माप द्यायला जाणार असेल तर जरूर जा, फिटिंगने खेळात खरोखर फरक पडतो. पण माप घेणं आणि मापाचा क्लब मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेट हातात आला की त्याच मशीनवर, तुमच्यासमोर, प्रत्येक क्लबचा लाय, लॉफ्ट, लांबी मोजून मागा आणि कागदाशी ताडा. खरा फिटर हे न मागता करतो. मोठी रक्कम त्यानंतरच द्या, दुकानाच्या खात्यात, मॉडेल लिहिलेल्या जीएसटी बिलावर. सीरियल नंबर असेल तर विक्रेत्याला विचारत बसू नका, कंपनीलाच थेट मेल करून विचारा. ‘जपानी माल आहे’ म्हणाला तर जपानच्या ऑफिसला. आणि कॅडी काही म्हणाला तर ऐका.

माझा जुना पाच हजारांचा कास्ट सेट काकांनी तपासून दिला. कास्ट असूनही जपून एक अंश वाकवला, अर्धा इंच कापला, ग्रिप बदलल्या. आता त्यावरच खेळतेय. ग्रिप पुन्हा पहिल्यासारखी धरायला शिकतेय, मनगट बरं आहे.

उरलेले सहा क्लब सुतळीने बांधून कपाटावर ठेवलेत. एकाने सुचवलं, जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाक, पंधरा हजार तरी येतील. दुसऱ्याने सुचवलं, कॅडीच्या पोरांना देऊन टाक. दोघांनाही नाही म्हटलं. आयोगात पुरावा म्हणून ते लागणार आहेतच, शिवाय प्रत्येक हेडच्या मागे मी पक्क्या मार्करने ‘बनावट’ असं लिहिलंय, म्हणजे उद्या माझ्यामागे घरातलं कुणी ते चुकून विकायला काढणार नाही.