तहसीलसमोरच्या टेबलावर लिनक्स मिंट

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाकू का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: मराठी कशात टाइप करता? रॅम किती, प्रोसेसर कुठला, ते नंतर बघू.

माझं टेबल उदगीरला, तहसीलसमोर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, संमतीपत्रं, वाटणीपत्राचे मसुदे, सहीचा सातबारा काढून देणं, यात दिवस जातो. लॅपटॉप २०१५ सालचा. आय-थ्री, पाचवी पिढी, ४ जीबी रॅम, आत फिरती हार्डडिस्क. विंडोज १० होतं. त्याला मी नावं ठेवणार नाही. एवढ्याशा रॅमवर आणि त्या डिस्कवर कुणीही धापा टाकल्या असत्या. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स थांबली, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे रस्ता बंद. दुरुस्तीवाला म्हणाला, नवा घ्या. आमचा भाचा नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, तो दिवाळीला आला होता. म्हणाला, "मामा, उगं नवा कशाला घेता? मिंट टाकून बघू की."

लिनक्सचे प्रकार पुष्कळ आहेत. त्यातलं लिनक्स मिंट २२ त्याने आणलं, एक्सएफसीई नावाच्या हलक्या आवृत्तीत. मिंटचा पाया उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सचा आहे आणि अपडेट्स २०२९ पर्यंत मिळणार आहेत. पैसे नाहीत, विंडोजसारखी लायसन्सची 'की'ही टाकायची नाही. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, त्यामुळे विंडोजवर हात बसलेल्या माणसाला परकं वाटत नाही.

मला सगळ्यात पटलं ते हे, की आधी काहीच पुसावं लागत नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते चढवायचं, लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, की समोर चालतं-बोलतं मिंट. हार्डडिस्कला धक्का नाही. तेवढ्यात वायफाय लागतं का, आवाज येतो का, टचपॅड चालतो का, महाभूमीच्या साइटवर लॉगिन होऊन १५ रुपयांचा सातबारा उतरतो का, हे सगळं बघून घेतलं. प्रिंटरही याच वेळी जोडून बघावा; त्याचं पुढे सांगतो. पेनड्राइव्हवरून ते हळू चालतं, त्यावरून वेगाचा निकाल लावू नये.

वेगाचं बोलायचं तर निम्मं श्रेय एसएसडीचं, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कचं आहे. फिरती डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली आणि मिंट तिच्यावर टाकलं. जुनी डिस्क डब्बीत घालून यूएसबीने जोडतो. विंडोजमधल्या सगळ्या फाइली मिंटला वाचता येतात. एसएसडी न घेता नुसतं लिनक्स टाकलं तरी फरक पडतो, पण लोक सांगतात तेवढा नाही. रिकामा बसला असताना मिंट साधारण एक जीबीच्या आत रॅम घेतं. मात्र फायरफॉक्समध्ये चार सरकारी साइट, व्हॉट्सॲप आणि एक मोठी स्कॅन पीडीएफ उघडली की ४ जीबी भरलीच. वेबसाइटचं वजन लिनक्समुळे कमी होत नाही. भाच्याने मग ४ जीबी रॅमची आणखी एक पट्टी बसवायला लावली.

आता मूळ मुद्दा, मराठीचा. मी इन्स्क्रिप्टवाला. हा कीबोर्ड १९९१ च्या भारतीय मानकातला आहे, त्यामुळे विंडोजवर जी कळ जिथे, तीच मिंटवर तिथे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय लेआउटच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट निवडला, इंग्रजी-मराठी बदलायची कळ ठरवली, झालं. 'शेतकऱ्यांच्या' मधला अर्धा ऱ् शिफ्ट-जे आणि डी ने तसाच येतो. माझ्या बोटांना काही बदललंय हे कळलंच नाही.

शेजारच्या टेबलावरच्या अण्णांची गोष्ट वेगळी. ते गोदरेजच्या टाइपरायटरवर शिकलेले, टाइपरायटरच्या रेमिंग्टन कळांवर बसलेला हात, मिनिटाला किती शब्द विचारू नका. त्यांचा सगळा कारभार जुन्या, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारी अक्षरं) नसलेल्या फॉन्टमध्ये, आणि त्यांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजपुरतंच. फॉन्टची फाइल मिंटमध्ये टाकली की त्यांचे जुने मसुदे दिसतात, छापताही येतात. पण त्याच फॉन्टमध्ये नवी ओळ टाइप करायची सोय त्या सॉफ्टवेअरशिवाय नाही. आयबस या लिनक्सच्या टायपिंगच्या सोयीत हिंदीचा रेमिंग्टन मिळतो, तो भाच्याने अण्णांना लावून दिला. अण्णांनी दोन ओळी टाइप केल्या, चष्मा काढला, म्हणाले, "ह्यो माझा कीबोर्ड न्हाई." त्यांचं खरं होतं. ज्याचं पोट बोटांच्या सवयीवर आहे, त्याला पन्नाशीनंतर कळा बदलायला लावू नयेत.

युनिकोडवाल्यालाही एक अडचण येते, ती मंगल फॉन्टची. मंगल मायक्रोसॉफ्टचा, तो मिंटबरोबर येत नाही. वकिलाकडून आलेली वर्डची फाइल लिबरऑफिसमध्ये, म्हणजे इथल्या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली की मंगलच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो, ओळींची उंची बदलते आणि मजकूर सरकतो. साध्या अर्जाला चालतंय की. पण ५०० च्या मुद्रांकावर पहिल्या पानाचा वरचा भाग छापील असतो, आपण खालून सुरुवात करतो. तिथे चार ओळी सरकल्या की सत्यापन आणि सहीची जागा एकटीच पुढच्या पानावर जाते. असा कागद कुणी घेत नाही. म्हणून मी माझे सगळे नमुने मुक्ता फॉन्टमध्ये नव्याने बसवले. मुक्ता मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, मोफत आणि खुल्या परवान्याचा; र्‍हस्व-दीर्घ वेलांट्या लहान आकारातही स्पष्ट दिसतात. लिबरऑफिसमध्ये मराठीसाठीचा फॉन्ट इंग्रजीपेक्षा वेगळा नेमावा लागतो, तो एकदा स्टाइलमध्येच नेमून ठेवावा. पानाचा आकार लीगल आहे ना तेही तिथेच बघावं. मुद्रांक लावण्याआधी कोऱ्या कागदावर एक प्रत काढतोच, ती सवय विंडोजवरही होती.

दुसऱ्याला फाइल द्यायची तर पीडीएफ. फॉन्ट आतच बसतो, पुढच्याकडे मुक्ता असो नसो. वकिलाला दुरुस्ती करायची असेल तेव्हाच वर्डची डॉक्स फाइल पाठवतो, आणि फोन करून सांगतो की आधी फॉन्ट टाका.

प्रिंटरने मात्र छळलं. कंपनीचं नाव घेत नाही, पण जुना, काळा-पांढरा लेझर, आपल्याकडे गल्लोगल्ली असतो तसला. अशा प्रिंटरांना कंपनीचाच ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, लागतो, आणि माझ्या प्रिंटरचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर जुन्या काळी लिहून सोडून दिलेला. भाचा रात्री उशिरापर्यंत काळ्या खिडकीत काहीबाही टाइप करत बसला. एक पान निघालं, दुसरं निघेना. नवीन नेटवर्कवाले प्रिंटर मिंटला बिनड्रायव्हरचे चालतात, मेव्हण्याच्या घरचा तर आपोआप दिसला. सध्या मी पीडीएफ पेनड्राइव्हवर घेतो आणि अण्णांच्या लॅपटॉपवरून छापतो. पानामागे त्यांचा हिशेब ठरलाय.

टॅलीवर ज्याचं दुकान आहे त्याने या भानगडीत पडू नये, टॅली लिनक्ससाठी निघत नाही. आधारच्या अंगठ्याच्या यंत्रांचं सॉफ्टवेअरही बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडपुरतं. सेवा केंद्र चालवणाऱ्याला हे जमणार नाही. डिजिटल सहीच्या टोकनचं कंपनीगणिक बदलतं, आधी चौकशी करावी.

रोजच्या कामात सगळ्यात आवडलं ते अपडेटचं वागणं. कोपऱ्यात छोटी खूण येते, आपल्याला सवड असेल तेव्हा बटण दाबायचं. मी घरी जाऊन रात्री करतो. लॅपटॉप बंद म्हटलं की बंद. देवणी-जळकोटकडची माणसं संध्याकाळच्या एसटीकडे डोळे लावून उभी असतात, तेव्हा याची किंमत कळते. उन्हाळ्यात पत्र्याखाली पंखा गरगरतोच, ते उदगीरच्या उन्हाचं काम, त्याला कुठलीही सिस्टिम काय करणार.

पाचात चार तारे देतो, एक प्रिंटरपायी कापला. अण्णा अजून विंडोजवरच आहेत आणि मी त्यांना बदला म्हणत नाही. दुसऱ्या कुणाला चालवून बघायचं असेल तर शनिवारी गर्दी नसते तेव्हा यावं. पेनड्राइव्ह माझ्या खणात असतो, चार्जर तेवढा आपला आणावा.