लोहार चाळीतून घेतलेला किचनचा ब्लोअर, सहा महिने वापरून

गिरगावात आमचं पोळी-भाजी केंद्र आहे, दोन तवे, एक भट्टी आणि अकरा ते दोन नुसती धावपळ. आधीचा एक्झॉस्ट ज्याने बसवला त्याने कॅटलॉगमधला 1000 सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला 1000 घनफूट हवेचा, आकडा दाखवला, पैसे घेतले आणि गेला. सकाळी मस्त ओढायचा, पण बारा वाजले की हूडच्या, म्हणजे तव्यांवरच्या धूर ओढणाऱ्या छत्रीच्या, कडेने धूर बाहेर, मिरचीची फोडणी पडली की पोळ्या लाटणाऱ्या मावशी पदर डोळ्यांना लावून बसायच्या. फोन केला की एकच उत्तर, ताई फॅन फिरतोय ना.

मग लोहार चाळीतल्या या दुकानात गेले. तिथल्या काकांनी पहिलाच प्रश्न विचारला, हूडमधली हवा किती तापते? मला कुठे माहीत! त्यांनी माणूस पाठवला, त्याने भर गर्दीत हूडच्या आत थर्मामीटरची तार धरली, 60 डिग्री. किचनमध्ये 32.

काकांनी कागदावर मांडून दाखवलं. कॅटलॉगचा आकडा 20 डिग्रीच्या हवेचा, तेव्हा घनमीटरला 1.2 किलो वजन असतं, 60 ला तेच 1.06 वर येतं. फॅन त्याच स्पीडला घनफूट तेवढेच फेकतो पण किलोने हवा कमी जाते आणि प्रेशरही त्याच प्रमाणात कमी तयार होतं. वर किचनमधली 1000 घनफूट हवा तापून फुगते ती 1090 च्या आसपास होते, म्हणजे फॅन तिथेच कमी पडला. शिवाय तो आकडा डक्ट (धूर बाहेर नेणारा पाइप) न जोडता मोजलेला, आमचा डक्ट चार मजले चढून गच्चीवर जातो, खरा मार तिथे बसला होता.

जुन्याच फॅनचा स्पीड वाढवू का विचारलं तर सरळ नाही म्हणाले, स्पीड 10 टक्के वाढवला की हवा 10 टक्केच वाढते पण मोटरवरचा लोड 33 टक्के, जळेल. एवढं गिऱ्हाईक समोर असताना कोण सांगतं हो हे?

घेतला तो पट्ट्याने फिरणारा सेंट्रिफ्युगल (ड्रमसारखं चाक फिरवून हवा फेकणारा) ब्लोअर, मोटर गरम हवेच्या बाहेर. मला वाटायचं दुपारी मोटरला जास्त ताण पडत असेल, तर उलटंच निघालं, गार हवा जड म्हणून सकाळीच लोड जास्त. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) लावून दाखवलं, सकाळी सातला 3.1 अँपिअर, दुपारी 2.9. म्हणून मोटर सकाळच्या हवेवर निवडली. मागच्या खिडकीला जाळी लावून ताजी हवा आत यायची सोयही करायला लावली, आत हवाच आली नाही तर ब्लोअर ओढणार काय.

तक्रार दोनच. चार दिवस सांगून नऊ दिवसांनी माल आला, आणि पहिल्या रात्री इतका घुमला की वरचे आजोबा खाली आले, मग दुकानवाले ब्लोअरखाली रबरी पॅड टाकून गेले, फुकट. आता मावशी बाराच्या गर्दीत बोलत बोलत पोळ्या लाटतात.

कोणी मोजायला बोलावणार असाल तर साडेअकरानंतरच बोलवा, भट्टी पेटून तासभर झाल्याशिवाय खरा आकडा मिळत नाही.