खांद्याच्या ऑपरेशननंतरची उशीची स्लिंग: वापरून लिहिते आहे

उजव्या खांद्याचं रोटेटर कफचं, म्हणजे खांद्याभोवतीचा फाटलेला स्नायूबंध शिवायचं, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उशीची स्लिंग लिहून दिली: हात ठेवायचा पाऊच, म्हणजे कापडी पिशवी, आणि हात अंगापासून दूर धरणारी उशी. आंघोळ, कपडे बदलणं आणि ठरवून दिलेले व्यायाम एवढ्यापुरतीच ती अंगावरून उतरायची, रात्री झोपतानाही अंगावरच. अशा ऑपरेशननंतर बहुतेकांना ४ ते ६ आठवडे ती घालावी लागते. फाटलेला भाग किती मोठा होता त्यावर कमीजास्त होतं. मी शिवणकाम करते. कुठलीही शिवलेली वस्तू हातात आली की आधी उलटी करून टिपा बघते, तशी हीसुद्धा बघितली. म्हणून पेशंटचा अनुभव आणि शिवणारीची नजर, दोन्ही या लिहिण्यात येणार.

माझं मत आधीच सांगते. स्लिंग चांगली की नाही हे कोपर ठरवतं. कापड मऊ आहे, रंग बरा आहे, जाळी हवेशीर आहे, हे सगळं नंतर. कोपर पाऊचच्या मागच्या कोपऱ्यात नीट टेकलं पाहिजे आणि टेकलेलं राहिलं पाहिजे. ते मागे सरकलं की हाताचा भार खांद्यावर येतो, आणि खांद्यालाच तर विश्रांती द्यायची असते.

ऑपरेशनच्या आधी, खांदा ठणकत होता तेव्हा, मी साधा पाऊच वापरत होते. निळं कापड, एक पट्टा, मानेमागून फिरवून पुढे अडकवायचा. त्याचा कोपऱ्याचा भाग उथळ होता. चार पावलं चाललं की कोपर मागच्या बाजूने बाहेर डोकवायचं आणि पट्टा मानेत रुतायचा. ६० किलो वजनाच्या माणसाचा एक अख्खा हात सुमारे ३ किलोचा असतो. त्यातला बराचसा भार एका अरुंद पट्टीवरून दिवसभर मानेवर आला, तर संध्याकाळी मान आणि डोकं दोन्ही दुखणारच. पट्ट्याखाली रुमाल घातल्याने रुतणं कमी होतं, पण मानेवरचं ओझं तेवढंच राहतं.

उशीच्या स्लिंगमध्ये पट्टा मानेवर येतच नाही. तो पाठीवरून तिरका जाऊन दुसऱ्या, चांगल्या खांद्यावर बसतो. तिथे रुंद गादी शिवलेली आहे. शिवाय उशी कमरेच्या पट्ट्याने अंगाला बांधलेली असते, त्यामुळे हाताचा काही भार ती पेलते. मानेचं दुखणं माझ्यापुरतं तरी या एका बदलाने थांबलं. फक्त याच कारणासाठी मी कुणालाही साध्या पाऊचपेक्षा ही घ्यायला सांगेन, अर्थात डॉक्टरांनी चालेल म्हटलं तर.

आता उशीचं काम. खांद्याच्या वरून जाणारा स्नायूबंध फाटलेला असतो, तो ओढून परत हाडाला शिवतात. हात अंगाला चिकटवून ठेवला की त्या शिवलेल्या जागेवर ताण येतो. अंगापासून थोडा दूर, साधारण १५ ते ३० अंश, ठेवला की तो सैल पडतो. हे मला फार समजावून सांगावं लागलं नाही. विरलेल्या कापडावर नवी टीप मारून लगेच ओढलं तर दोरा तुटत नाही, टाक्यापाशी कापड उसवतं. डॉक्टर म्हणाले की खांद्यातही बऱ्याचदा असंच होतं. धागा टिकतो, तो ज्यातून ओवलेला असतो तो स्नायूबंध चिरतो. त्यानंतर उशी कितीही अडचणीची वाटली तरी मी ती काढून ठेवली नाही.

अडचणीची ती आहेच. दारातून जाताना उजवी बाजू आधी आपटते. खुर्चीला हात असतील तर बसता येत नाही, बिनहाताची खुर्ची शोधावी लागते. फोमची उशी बरगड्यांपाशी तापते आणि काखेत घाम साचतो. काखेचं त्रास देणारं काम म्हणजे ती धुणं. त्यासाठी हात वर करायचा नाही. टेबलाला चांगला हात टेकून पुढे वाकायचं आणि ऑपरेशनचा हात ढिला सोडून खाली लोंबू द्यायचा. काख आपोआप उघडते. तेवढ्यात पुसून, अगदी कोरडी करून घ्यायची. हे वाकणं फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर करून घ्या, मगच घरी करा. उशीच्या अंगाकडच्या बाजूला मी मऊ सुती कापडाची खोळ घातली आणि ती रोज बदलत गेले. कंपनीने अशी निघणारी खोळ सोबतच द्यायला हवी. एक सरळ शिलाई आणि एक नाडी, याहून जास्त काम त्यात नाही.

शिवणीबद्दल. पट्टा जिथे पाऊचला जोडलाय तिथे चौकोन करून आत फुली मारलेली टीप आहे. सगळा भार त्या जागी येतो, त्यामुळे ती तशीच हवी, आणि ती उत्तम आहे. पाऊचच्या कडेला मात्र नायलॉनची पायपिंग लावलीय, आणि ती अंगठ्याच्या बुडाशी घासते. दुसऱ्या आठवड्यात तिथे लाल वळ उठला. सुती कापडाची तिरकी पट्टी दुमडून तेवढ्या कडेवर टाचल्यावर तो बसला. वेल्क्रो मजबूत आहे, पण त्याची काट्याची बाजू शाल, टॉवेल, सदरा जे मिळेल ते धरते. धुताना सगळे वेल्क्रो बंद करून धुतले नाहीत तर दोऱ्यांचे गुंते बसतात आणि पकड जाते.

लांबी नीट बघून घ्या. कोपर काटकोनात वाकवायचं आणि कोपराच्या टोकापासून करंगळीच्या मुळापर्यंत मोजायचं. पाऊच तिथवर पोचला पाहिजे. तो मनगटावरच संपला तर पंजा खाली लोंबतो, बोटं सुजतात आणि मनगट आखडतं. पंजा कोपरापेक्षा किंचित वर असावा. स्लिंगमध्ये बोटं आणि मनगट हलवत राहायला सांगतात ते याचसाठी. माझ्या स्लिंगसोबत मऊ चेंडू आला होता, उशीच्या पुढच्या टोकाला अडकवलेला. ही फार चांगली सोय. चेंडू समोर दिसत असला की दाबायचं लक्षात राहतं.

पहिल्या रात्रीबद्दल मुद्दाम लिहिते. ऑपरेशनच्या वेळी मानेपाशी इंजेक्शन देऊन हात बधिर करतात आणि ती बधिरता पुढे १२ ते २४ तास टिकू शकते. तेवढा वेळ हात आपला आहे असं वाटतच नाही. कोपर कुठे दाबलं जातंय, पट्टा कुठे आवळलाय, काही कळत नाही. तेव्हा सोबतच्या माणसाने डोळ्यांनी तपासायचं. कोपराच्या आतल्या बाजूने जी नस जाते ती दाबली गेली तर नंतर करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. स्लिंग सारखी करूनही मुंग्या राहिल्या, किंवा बोटं गार आणि निळसर दिसली, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं.

झोप पहिले काही आठवडे पाठीला उंच टेकण लावून, अर्धवट बसूनच. सपाट झोपलं की कोपर मागे पडतं आणि खांदा पुढून ताणला जातो. कोपराखाली घडी केलेली चादर ठेवायची. फिजिओथेरपिस्टने दिलेली खूण माझ्या फार उपयोगी पडली: पडल्या पडल्या आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ते मागे गेलंय. कपडे पुढून उघडणारे, ढगळ बाह्यांचे. घालताना ऑपरेशनचा हात आधी, काढताना शेवटी.

सगळ्यांनी हीच घ्यावी असं मात्र नाही. मनगटाला प्लास्टर असेल तर साधा पाऊच पुरतो. दंडाचं हाड मोडलं असेल तर कधीकधी फक्त मनगटाला पट्टा लावून हात लोंबता ठेवतात, कारण हाताच्या वजनानेच हाड जागेवर राहायला मदत होते. तिथे कोपर वर उचलणारा पाऊच घातला तर उलट नुकसान. म्हणून दुसऱ्या कुणाची उरलेली स्लिंग आपल्या मनाने गळ्यात घालू नये. तिकोनी कापडाची झोळी प्रथमोपचाराला उत्तम, पण मानेमागची गाठ दिवसभर सोसवत नाही.

माझी सगळ्यात मोठी तक्रार कमरेच्या पट्ट्याच्या क्लिपबद्दल आहे. ती पाठीच्या बाजूला येते आणि दोन हातांनी दाबल्याशिवाय लागत नाही. जिचा एक हात बांधलेला आहे तिच्यासाठी बनवलेल्या वस्तूत हे मुळीच चालण्यासारखं नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाने काय करायचं? क्लिप पुढे, चांगल्या हाताच्या बाजूला हवी आणि एका अंगठ्याने उघडणारी हवी. घेण्याआधी, शक्यतो ऑपरेशनच्या आधीच, ती चांगल्या हाताने एकट्याने लावून बघा. लागत नसेल तर दुसरी दाखवायला सांगा; पुढून क्लिप असलेल्याही मिळतात.