कॅनोनेटला फ्लॅश: कॅनोलाइट डी की एसबी-३०?

मालवणकडच्या जत्रेत दशावतार रात्री उशिरा उभा राहतो. राजा भरजरी वेषात, मागे मात्र काळोख. कॅनोनेट या कॅननच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर लावायच्या फ्लॅशची खरी परीक्षा तिथेच.

निकॉनचा फ्लॅश एसबी-३० आपल्या सेन्सरच्या डोळ्याने परत आलेला उजेड मोजतो आणि पुरे झाला की चमक तोडतो. सोयीचा, खिशात मावणारा. पण काळोखाला तो फसतो: अजून उजेड हवा असं समजून ओततच राहतो आणि राजाचा रंगवलेला चेहरा पांढराफटक. गणपतीच्या चकचकीत मखरापुढे नेमकं उलट, मूर्तीच काळवंडते.

कॅननचा फ्लॅश कॅनोलाइट डी उजेड मोजतच नाही. त्याची चमक ठरलेली. कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ हा कॅमेराच फोकसच्या अंतरावरून अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, स्वतः लावतो. गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, अंतराने भागला की अ‍ॅपर्चरचा एफ आकडा मिळतो. तो १४ धरला तर ५ मीटरवर एफ २.८, अडीच मीटरवर एफ ५.६. मागे काळोख असो की मखर, फरक नाही. फोकस चुकला तर मात्र सगळंच चुकलं.

एसबी-३० ला सीआर१२३ सेल लागतो, तो वाडीतल्या दुकानात कुठला मिळायला! कॅनोलाइट जुना, पावसाळाभर कपाटात पडला तर चमकेसाठी वीज साठवणारा कपॅसिटर सुस्तावतो. जत्रेआधी चार-पाचदा चार्ज करून फ्लॅश उडवावा.

मी कॅनोलाइटच नेतो.