वॉर्मर की आईची छाती?

धुळे-नंदुरबारकडे हिवाळ्यात पहाटेचा गारठा वॉर्डात शिरतो, तेव्हा दीड-दोन किलोच्या बाळाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस राखणे फार मोलाचे ठरते. रेडियंट वॉर्मरखाली, म्हणजे वरून उष्णता देणाऱ्या यंत्राखाली, उघड्या बाळाचा श्वास व रंग सतत दिसतो, म्हणून अत्यवस्थ बाळासाठी तो हवाच. मात्र त्या उष्णतेने त्वचेतून पाणी उडते आणि पोटावरचा तापमान मोजणारा सेन्सर निसटला तर बाळ जास्त तापते. 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटात सुरू झालेल्या कांगारू पद्धतीत टोपी, मोजे व लंगोट एवढ्यावरच बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभे बांधतात. वीज गेली तरी ही ऊब जात नाही, शिवाय स्तनपानही सुधारते. बाळ स्थिर असेल तर मी हीच पद्धत निवडेन, आणि आई थकली असल्यास आजीने किंवा वडिलांनी बाळाला छातीशी घ्यावे.