सहा फुटी फिश टँक घरी बांधताना : एका काचेच्या दुकानाच्या सेवेचा अनुभव

पुण्याच्या पेठांमधील ज्या काचेच्या दुकानाविषयी हे लिहीत आहे, ते मुळात खिडक्या, शोकेस आणि टेबलटॉप यांच्या काचा पुरवणारे दुकान आहे. फिश टँक बांधून देणे हा त्यांचा व्यवसाय नाही. मात्र मोठी टाकी कमी खर्चात घरीच बांधायची असेल, तर मासे विकणाऱ्या दुकानाआधी अशाच काचवाल्याकडे जावे लागते आणि पुढचे सारे काम त्याने कापून दिलेल्या पाच तुकड्यांच्या अचूकपणावर उभे राहते. तयार सहा फुटी टाकीला स्टँडसह ४८,००० रुपये सांगितले गेले होते. माझी तयारी ३०,००० रुपयांपर्यंत होती.

आरंभी माझ्या मनात सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी होती. दुकानातील वयस्कर कारागिराने, ज्यांना तेथे सगळे चाचा म्हणतात, कागदावरचे माप पाहून पहिला प्रश्न उंचीविषयीच विचारला आणि तो रास्त होता. पाण्याचा काचेवरचा दाब खोलीबरोबर वाढत जातो, त्यामुळे समोरच्या काचेवर येणारा एकूण भार उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा फुटी काचेवर दोन फूट पाणी सुमारे ३४० किलोंचा रेटा देते, तर दीड फूट पाणी सुमारे १९० किलोंचा. सहा इंच उंची कमी केली की भार जवळजवळ निम्म्यावर येतो आणि काचेची जाडीही उतरते. माशांना पोहायला लांबी-रुंदी लागते, तेव्हा उंची सोडून देण्यात त्यांचे काही बिघडत नाही. मी दीड फूट उंची नक्की केली आणि सगळीकडे १२ मिमी जाडीची काच मागितली, तेव्हा चाचा म्हणाले, "साहेब, दीड फुटाला बारा एमएम कशाला घेता? वरून पट्ट्या मारा, दहा एमएम पुरते. खाली मात्र बाराच घ्या." जास्त दराची काच विकण्याची संधी समोर असताना हा सल्ला मिळाला, याचे मोल मला फार वाटते.

त्यांनी सुचवलेल्या पट्ट्या म्हणजे टाकीच्या वरच्या काठाला आतून आडव्या चिकटवलेल्या चार इंच रुंदीच्या काचा आणि पुढची-मागची काच बांधून ठेवणारा मधला आडवा तुकडा. पाण्याच्या दाबाने लांब काच मध्यभागी बाहेर फुगते, तिला या पट्ट्या आवरतात. टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली काच घ्यावी का, असेही मी विचारले होते. ती एकदा टफन झाल्यावर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, आणि फुटली तर एकाच वेळी सगळी चुरा होते, हे समजावून मालकांनी साधी फ्लोट काचच दिली. जास्तीचे पाणी खालच्या फिल्टरकडे नेणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाइपासाठी मागच्या काचेला लागणारे भोक त्यांनी पाण्याची धार धरून, अजिबात घाई न करता पाडले. त्याच्या कडेला नख लावून पाहिले तरी कुठे कपची उडालेली आढळली नाही.

या दुकानाची खरी ताकद म्हणजे कडा. कापलेल्या काचेची कड मशीनवर घासून घेण्याचे पैसे वेगळे पडतात आणि खर्च वाचवण्याच्या नादात अनेक जण तेच वगळतात. घासलेल्या कडेवर अगदी बारीक तडे उरत नाहीत, हात कापत नाही आणि काचा जोडणाऱ्या सिलिकॉनचा थर एकसारखा बसतो. माझ्या तुकड्यांच्या कडांवरून बोट फिरवले तेव्हा सहा फुटांच्या लांबीत कोठेही अडखळले नाही. प्रत्येक तुकड्याचे दोन्ही कर्ण मोजून पाहिले, त्यांतला फरक एका मिलिमीटरच्या आत होता.

एक चूक मात्र झाली. बाजूच्या दोन काचा पुढच्या आणि मागच्या काचेच्या मध्ये बसणार होत्या, म्हणून त्यांची रुंदी ६१० मिमीमधून दोन्हीकडच्या १० मिमी काचा आणि सांध्यातील एकेक मिलिमीटर सिलिकॉन वजा करून ५८८ मिमी हवी होती. कागदावर मी मिलिमीटर लिहिले होते. दुकानात मापे इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) यांत उतरवली गेली, त्यात घोळ झाला आणि दोन्ही तुकडे जवळजवळ दोन सूत रुंद आले. १० मिमी जाडीच्या काचेची सहा मिमीची चिंधी नीट तुटत नाही, म्हणून ते तुकडे दुरुस्त होण्यासारखे नव्हते. मालकांनी वाद न घालता नव्या काचा विनामूल्य कापून, घासून दिल्या. मात्र त्यासाठी पाच दिवस गेले आणि टेम्पोची दुसरी खेप माझ्या खिशातून गेली. कागदावर मिलिमीटरच ठेवावेत आणि आपल्यासमोर ते टेपवर दाखवून घ्यावेत, असे आता मी आग्रहाने सांगेन.

सिलिकॉनची निवड मला स्वतः करावी लागली, कारण या दुकानात बाथरूमसाठीचे बुरशीरोधक सिलिकॉनच अधिक होते आणि त्यातील बुरशीनाशक माशांना घातक असते. लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे आणि बुरशीनाशक नसलेले, काचेसाठीचे साधे सिलिकॉन आणले. पाच ट्यूब लागल्या. कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली आणि दोघांनी मिळून एकाच बैठकीत सगळ्या काचा उभ्या केल्या. सिलिकॉनवर दहाएक मिनिटांत साय धरू लागते, आणि वाळलेल्या सिलिकॉनवर नवे सिलिकॉन नीट धरत नाही, त्यामुळे मध्येच काम सोडून चालत नाही. वरच्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी बसवल्या आणि पुढे टाकी आठवडाभर हलवली नाही.

पाणी भरण्याची चाचणी आम्ही पार्किंगमध्ये केली. एक तृतीयांश पाणी भरून एक दिवस, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, आणि खाली चारही बाजूंना वर्तमानपत्राचे कागद पसरलेले. कागदावर पडलेला थेंब अंधारातही हाताला लागतो. तीन दिवस रात्री झोपण्यापूर्वी खाली जाऊन प्रत्येक कागदावरून हात फिरवला. चौथ्या सकाळीही ते कोरडेच होते. काचा चौरस आणि कडा सपाट असल्यामुळेच हे साधले, असे मी मानतो.

वजनाचा हिशेब काच घेण्यापूर्वीच करायला हवा. सुमारे ४३० लिटर पाणी, शंभर किलोंची काच, साठ किलो वाळू आणि लोखंडी स्टँड मिळून भार साडेसहाशे किलोंच्या घरात जातो, म्हणजे टाकीखाली दर चौरस मीटरला साडेपाचशे किलोंहून अधिक. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक धरते तो वापरभार दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो. तो भार पूर्ण खोलीवर पसरलेला गृहीत धरलेला असला, तरी अशी टाकी खोलीच्या मध्यभागी ठेवणे योग्य नाही. सोसायटीच्या परिचयातील स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशा दाखवून आम्ही ती बीमवर येईल अशी, भिंतीलगत ठेवली. स्टँड ४० बाय ४० मिमीच्या चौकोनी पाइपाचा, सहा पायांचा आहे. त्यावर १८ मिमी प्लायवूड आणि थर्माकोल. वेल्डिंग झाल्यावर पाणसळ ठेवून पाहिले तर एक पाय उणा होता. तो तेव्हाच नीट करून घेतला, कारण उतरत्या स्टँडवर काचेचा एकच कोपरा सगळा ताण घेतो.

खर्चाचे आकडे असे आहेत. काच, कडा घासणे आणि भोक मिळून ७,४०० रुपये, सिलिकॉन १,४००, स्टँड ९,२००, प्लायवूड आणि थर्माकोल २,१००, खाली फिल्टरसाठी ठेवलेली जुनी तीन फुटी टाकी १,२००, पंप २,३००, पाइप व जोड ९००, दिवे २,४०० आणि वाळू ६००. एकूण २७,५०० रुपये. फिल्टरमध्ये महागड्या माध्यमाऐवजी स्पंज आणि भांडी घासण्याच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या भरल्या. जिवाणूंना वस्ती करायला पृष्ठभाग हवा असतो आणि तो त्यांत पुरेसा मिळतो. पंप ४० वॉटचा आहे, म्हणजे महिन्याला सुमारे २९ युनिट वीज कायमची धरावी लागते. मासे मात्र सहा आठवड्यांनीच सोडले, कारण माशांच्या मलमूत्रातून होणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू वाढायला तेवढा काळ लागतोच, आणि त्याला पैशाने पर्याय नाही.

टाकी भरून आता अकरा महिने झाले आहेत. सांधे स्वच्छ आहेत आणि पुढच्या काचेचा मध्यभाग दोरा ताणून मोजला तर फुगवटा जाणवण्याइतका नाही. कापणी, कडा आणि सल्ला या तिन्हींसाठी मी या दुकानाला पूर्ण गुण देईन. वेळेच्या बाबतीत देणार नाही, कारण पहिली खेपसुद्धा सांगितलेल्या दिवसापेक्षा तीन दिवस उशिरा मिळाली होती. लग्नसराईत शोकेसची कामे जास्त असतात, तेव्हा दोन आठवड्यांची मुभा हाताशी ठेवावी. टेम्पोत काचा आडव्या रचू देऊ नयेत. उभ्या, मध्ये पुठ्ठा घालून, दोरीने बांधून आणाव्यात, आणि घरी उतरवून घ्यायला चार माणसे तयार ठेवावीत, कारण तळाचा एकच तुकडा तेहेतीस किलोंचा भरतो आणि दुकानाचा माणूस जिना चढून येत नाही.