पैठणचे ज्ञानेश्वरी निवासी शिबिर : एक परीक्षण

पैठणला गोदाकाठी एक वारकरी मंडळ हिवाळ्यात तीन दिवसांचे निवासी शिबिर भरवते. मंडळाचे नाव मुद्दाम देत नाही. याच धर्तीची शिबिरे मराठवाड्यात इतरत्रही भरतात आणि येथे नोंदवलेले गुणदोष त्यांतल्या अनेकांना लागू पडावेत. पत्रकावर ‘अल्प आयुष्यात शाश्वत समाधान’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. एवढे मोठे वचन तीन दिवसांच्या कार्यक्रमाने देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही हे शिबिर करून पाहण्यासारखे आहे, आणि त्याचे कारण पत्रकात कुठेही लिहिलेले नाही.

निवासाची व्यवस्था साधी पण स्वच्छ आहे. सतरंजी मिळते, पांघरूण आपले आपण आणायचे. पहाटे काकडा, न्याहारीनंतर ओवीवाचन, दुपारी प्रवचन, सांजवेळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा दिनक्रम असतो. शुल्क ठरलेले नाही. निघताना दानपेटीत जमेल ते टाकावे, आणि कोणी किती टाकले याकडे कोणी पाहत नाही. जेवणातले पिठले, ज्वारीची भाकरी आणि ठेचा यांबद्दल तक्रार करणारा माणूस मला तरी भेटला नाही.

शिबिराचे खरे बळ सकाळच्या ओवीवाचनात आहे. शिकवणारे महाराज वयस्कर आहेत आणि त्यांची पद्धत विलक्षण संयमाची आहे : प्रत्येक शिबिरार्थीने एक ओवी मोठ्याने वाचायची, तिचा आपल्याला लागलेला अर्थ सांगायचा, आणि तिघाचौघांचे सांगून होईपर्यंत महाराज स्वतः काही बोलत नाहीत. अर्थ चुकला तरी ते टोकत नाहीत, पुढच्याला वाचायला सांगतात. चूक बहुतेक वेळा पुढच्या ओवीतच उघडी पडते. पहिल्या दिवशी ही पद्धत रेंगाळणारी वाटते. दुसऱ्या दिवशी मात्र लोक आदल्या रात्रीच ओव्या चाळून येऊ लागतात.

याच तासाला त्यांनी हातातल्या ग्रंथाचा प्रवास सांगितला. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. त्यानंतर सहा वर्षांत, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, माउलींनी आळंदीला समाधी घेतली. पुढे हाताने नकला होत गेल्या, पाठ बिघडत गेले, आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, याच पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. या ग्रंथात आपली ओवी घुसडणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवणे, असा इशाराही त्यांनी पुढच्यांना देऊन ठेवला. हे सांगून महाराजांनी विचारले की मधल्या २९४ वर्षांत हा ग्रंथ कोणी सांभाळला, त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत का. अर्थातच कोणाला ठाऊक नव्हती. तेव्हा गेवराईकडचे एक शेतकरी म्हणाले, “म्हंजी महाराज, चुका करणाऱ्यायनंच ग्रंथ टिकवला म्हणा की!” महाराज हसले आणि म्हणाले, “मग! आपण तरी कोण लागून गेलो? वाचा पुढची ओवी.”

माझ्या मते संपूर्ण शिबिराचे मोल या दोन वाक्यांत होते. आयुष्य थोडे आहे ही गोष्ट कीर्तनात शंभर वेळा ऐकलेली असते आणि तिने आपण फार तर क्षणभर गंभीर होतो. परंतु एकवीस वर्षांचे एक आयुष्य, त्याच्यामागे नाव न राहिलेल्या नकलाकारांची कितीतरी आयुष्ये आणि मग एकनाथांचे कष्ट अशी साखळी समोर मांडली गेली, की टिकणारे काही हवे असेल तर ते एकट्याच्या हिशेबात बसत नाही, हे कोणी न सांगताही ध्यानात येते. मोक्ष, मुक्ती यांविषयी महाराजांनी त्या तासात एक अक्षरही उच्चारले नाही.

दुपारी गावातल्या नाथांच्या वाड्यात नेतात. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने पाणी भरल्याची कथा ज्याच्याशी जोडलेली आहे तो रांजण तेथे आहे. दर्शन घाईचे होते आणि पुढे नागघाटावर तर मंडळी केवळ छायाचित्रांपुरतीच थांबली. वाड्यात सांगितलेली श्राद्धाची कथा मात्र रंगली : ब्राह्मणांसाठी शिजवलेले अन्न गिरिजाबाई आणि नाथांनी दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अस्पृश्यांना आधी वाढले, आणि त्यासाठी बहिष्कारही सोसला. नेमकी येथेच मंडळाची मोठी उणीव दिसते. ही कथा ऐकून परतल्यावर पंगतीत वाढायला पुरुष शिबिरार्थी उत्साहाने पुढे येतात, भाकऱ्या थापायला स्त्री शिबिरार्थींना बोलावले जाते, आणि उष्टी भांडी रोजंदारीवर आणलेल्या बायांपुढे जातात. मी व्यवस्थापकांना याविषयी विचारले तेव्हा पाहुण्यांना भांडी कशी घासायला लावायची, असे उत्तर मिळाले. नाथांच्या गावात हे उत्तर पटण्यासारखे नाही.

सर्वांत दुबळा भाग दुसऱ्या दिवशीच्या प्रवचनाचा. शहरातून बोलावलेल्या वक्त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवत मनःशांतीच्या पायऱ्या शिकवल्या. प्रत्येक पायरीला टाळ्या घेतल्या आणि शेवटी स्वतःच्या ध्वनिफिती विकायला मांडल्या. सकाळी एका ओवीवर घोळका तासभर थांबत होता, तेथे दुपारी जन्ममृत्यूचा प्रश्न चहाच्या आधी निकालात निघाला. मंडळाने हे सत्र बंद करून तो वेळ शेवटच्या दिवशीच्या प्रश्नोत्तरांना द्यावा, कारण ती अर्ध्या तासात गुंडाळली जातात. त्या अर्ध्या तासात तरुण मुलगा गमावलेल्या एका बाईंनी विचारले की माउलींचे एकवीस वर्षांचे आयुष्य पूर्ण म्हणता, मग माझ्या लेकाचे का अपुरे वाटते. महाराज म्हणाले, “ते पूर्ण होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही, माय.” आणखी काही ते बोलणार तोच सूत्रसंचालकांनी आभारप्रदर्शन पुकारले. सांजवेळी हरिपाठाला महाराजांनी त्या बाईंना शेजारी बसवून हातात टाळ दिले, एवढे मी पाहिले. देवाच्या दारात क्षणभर उभे राहण्यापासून हरिपाठ सुरू होतो. पण त्या बाईंच्या प्रश्नाला तरी कार्यक्रमपत्रिकेने त्याहून अधिक वेळ द्यायला हवा होता.

ज्यांना तयार उत्तरे किंवा आरामाची सुट्टी हवी आहे त्यांनी येथे जाऊ नये. ज्ञानेश्वरी घरात आहे पण वाचली जात नाही अशा घरातल्यांनी, विशेषतः निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ खायला उठणाऱ्यांनी, अवश्य जावे. बैठक जमिनीवरची असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्चीसाठी आधीच सांगून ठेवावे. रात्रीच्या कीर्तनाला ध्वनिवर्धक कर्कश असतो, तेव्हा मागे बसलेले बरे. छत्रपती संभाजीनगरहून पैठण सुमारे पन्नास किलोमीटर असून एस. टी. सोयीची आहे. शिबिराला जोडून एक दिवस राखता आला तर माउलींच्या पूर्वजांचे गाव असलेले आपेगाव जवळच आहे. शिबिराच्या कार्यक्रमात ते नाही. फाल्गुनातल्या नाथषष्ठीला गावात लाखोंची गर्दी असते. ती वारी म्हणून अनुभवावी, वाचनासाठी मात्र हिवाळाच बरा. आपल्या घरातली प्रत बरोबर न्यावी, कारण मंडळाच्या प्रती कमी पडतात आणि एका पुस्तकात तिघांना पाहावे लागते.